हातचा

रुस्तावीत डिसेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
गाड्या धुवायची एक जुनी शेड, तीच संस्था.
दाराआधी भुंकणं उघडतं,
मग लामझिरा गुगुनावा,
एका हातात लापशीचा डाव,
दुसऱ्यात माझ्यासाठी बुटांचा खोका:
“यात तीन वर्षं आहेत. वास येईल थोडा.”

मी देणगीदारांनी धाडलेला हिशेबनीस.
तिबिलिसीहून मार्शुत्का व्हॅननं आलो,
कॅल्क्युलेटर आणि एक छापील तक्ता घेऊन.
तक्ता विचारतो:
शंभर लारींतले कुत्र्यापर्यंत पोचतात किती?

पावत्या मांडल्या, पत्ते पिसून मांडावेत तशा.
एकीवर पंजा उमटलेला,
तारीख नेमकी त्याच्याखाली.
शस्त्रक्रिया चारशे बारा.
कानातले पिवळे बिल्ले, विकत घेतले पाचशे.
उरलेले अठ्ठ्याऐंशी?
तिनं डबा आणून समोर ओतला. एक्क्याऐंशी.
“आणि सात?”
“मोडले. तुम्ही कधी अर्धवट जाग्या कुत्र्याच्या
कानात बिल्ला घातलाय?”
मी लिहिलं, सात: मोडतोड.

पगार एकीचाच, तिचा.
दर महिन्याला लिहिलेला,
दर महिन्याला खोडलेला.
तक्ता यावर खूश: व्यवस्थापन खर्च शून्य.
मी नाही.
शून्यावर चालणारी बाई
एखाद्या सकाळी बर्फावरून घसरली
तर लापशी कोण ढवळणार?
गेल्या आठवड्यात दुसरी एक संस्था पाहिली,
काचेची टेबलं, बरी कॉफी,
भिंतीवरचे सगळे आलेख डोंगर चढणारे.
वर्षभरात शस्त्रक्रिया एकोणतीस.
पावत्या मात्र तिथे
इस्त्री केल्यासारख्या.

मग आला ‘परिणाम’ नावाचा रकाना.
हिचं सगळं काम तर न घडलेल्याचं:
न जन्मलेली पिल्लं,
शाळेच्या वाटेवर न चावलेलं पोर,
पहाटे न आलेली पालिकेची गाडी.
जन्मभर मी आहे ते मोजलं.
नाही त्याला कोणती पट्टी लावू?

“बाजारात जा,” ती म्हणाली,
“बटाटेवाल्या त्सियालाला विचार.”
त्सियाला म्हणाली, यंदा पिल्लांची खोकी तीन.
कोणीतरी रात्री ठेवून जातं, तिच्याच गाळ्यापाशी.
आणि आधी?
तिनं बोटं वर केली,
बोटं संपली,
मग बटाट्यांच्या ढिगाकडे बघून हसली.
मी लिहिलं: लक्षणीय घट. आधार: तोंडी.

परतलो तेव्हा एक नोंद अडून बसली होती.
बोरा. करडी. मागचे दोन्ही पाय लुळे.
तिच्या एकटीवर अठराशे सत्तर लारी.
तेवढ्यात बावीस माद्यांचं काम झालं असतं,
एकीला पंचाऐंशी धरून.
भागाकार मी करून दाखवला.
लामझिरानं चष्मा पुसून पाहिला.
“बरोबर आहे,” म्हणाली.
“मलाही येतो. रोज रात्री करते.”

खाली बोरा माझ्या बुटावर हनुवटी टेकून,
आपल्या किमतीची चर्चा चाललेली असताना
शांत झोपलेली.

बेरजेत जे घरात मावत नाही
ते पुढच्या घराच्या डोक्यावर लिहितात, बारीक. हातचा.
उत्तरात तो वेगळा दिसत नाही,
विसरलात तर उत्तर चुकतं.
माझ्या तक्त्यात डोक्यावर जागा नव्हती.

शिफारस लिहिली: देणगी चालू ठेवावी.
अट एकच, बाईंनी पगार घ्यावा.
अट वाचून तिनं फोनवर शिव्या घातल्या,
मग विचारलं, किती?

त्या रात्री परतीच्या व्हॅनमध्ये
पँटीवर करडे केस दिसले.
झटकले.
दोन राहिले.